जपानी बादशाही पदकं जमवायचीत? मग आधी कागद बघा

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. टोकियोत नोकरीला येऊन वर्षही झालं नव्हतं, युराकुचोला इंटरनॅशनल फोरमच्या अंगणात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो तिथे असाच फिरत होतो, आणि एका ट्रेमध्ये चांदीचं, झाडाच्या पानांच्या आकाराचं एक छोटंसं पदक दिसलं. पांढरी रिबीन, कडेला लाल पट्टे, काळ्या लॅकरची डबी. घेतलं. विकणाऱ्या आजोबांनी शेजारचा गुंडाळलेला कागद दाखवला, म्हणाले दोन्ही एकाच घरातून आलंय, अजून पंधराशे येन द्या आणि घेऊन जा. मी म्हटलं कागद काय करायचाय, पदक मिळालं की झालं. तीन आठवड्यांनी अक्कल आल्यावर परत गेलो तर कागद विकला गेलेला, कुणाला ते आजोबांनाही आठवेना. ते पदक अजून माझ्याकडे आहे आणि ते कुणाचं होतं हे आता कधीच कळणार नाही.

कारण असं की जपानी कुनशोवर (म्हणजे बादशाही सन्मानाच्या पदकावर) आणि युद्धपदकावर माणसाचं नाव नसतं. आपल्याकडे ज्यांच्या घरी पणजोबांची ब्रिटिश काळातली पदकं आहेत त्यांनी बघितलं असेल, पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाला गेलेल्या मराठा पलटणीतल्या शिपायाचं पदक घ्या, कड भिंगाखाली धरा, नंबर, हुद्दा, नाव, पलटण सगळं कोरलेलं. जपान्यांनी हे केलं नाही. त्यांच्याकडे नाव कागदावर. कागद गेला की पदक मुकं. म्हणून या छंदात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, की पदक कागदासकट घ्या, आणि दोन्हींतलं एकच परवडत असेल तर कागद घ्या.

आता क्रमाने सांगतो. पायऱ्या म्हणतोय खरं, पण काही पायऱ्या मोठ्या आहेत आणि काही अगदी चिमुकल्या.

पायरी १ : कुनशो काय, किशो काय

जपानी शब्द दोन-चार लागतीलच, त्याला इलाज नाही. "कुनशो" म्हणजे सन्मानाची श्रेणी, जी बादशहाच्या नावाने मिळते आणि जिला वर्ग असतात. "किशो" म्हणजे स्मृतिपदक, अमुक युद्धात होतात किंवा अमुक सोहळ्यात होतात म्हणून सगळ्यांना सारखंच. तिसरा प्रकार "होशो" आहे, त्यात आत्ता शिरू नका.

कुनशोंमध्ये नवख्याला चार नावं पुरतात. उगवत्या सूर्याचं (क्योकुजित्सुशो) १८७५ सालचं. पवित्र रत्नांचं (झुइहोशो) आणि बायकांसाठीचं मुकुटाचं (होकानशो), दोन्ही १८८८ ची. आणि फक्त सैनिकांसाठी सोनेरी घारीचं (किन्शी कुनशो), ते १८९० चं. ही घार म्हणजे पहिला बादशहा जिम्मू याच्या धनुष्यावर येऊन बसली आणि तिच्या तेजाने शत्रूचे डोळे दिपले अशी दंतकथा आहे. १९४७ साली ते बंदच केलं. उगवत्या सूर्याला आणि पवित्र रत्नांना त्या काळी आठ वर्ग, सोनेरी घारीला सात. २००३ मध्ये वर्गांचे आकडे काढून टाकले, पण आपण जुन्या वस्तूंबद्दल बोलतोय तेव्हा आकडे पाठ हवेतच.

माझं ते पानांचं पदक म्हणजे उगवत्या सूर्याचा आठवा, सगळ्यात खालचा वर्ग. गंमत म्हणजे नाव सूर्याचं पण सातव्या आणि आठव्या वर्गात सूर्य नाहीच, नुसती किरी झाडाची पानं-फुलं. सातव्यात त्यावर मीनाकाम असतं, आठव्यात कोरी चांदी. सूर्य आणि किरणं सहाव्यापासून वर. मी महिनाभर समजत होतो की आपल्याला अर्धवट तुटलेलं पदक गळ्यात मारलंय.

किशोंची यादी लांब आहे. युद्धांची म्हणाल तर १८७४ ची तैवान मोहीम, १८९४-९५ चं चीनशी युद्ध (हे पदक चिन्यांकडून जिंकलेल्या तोफांच्या कांशातून ओतलं), १९०० ची बॉक्सर मोहीम, १९०४-०५ चं रशियाशी युद्ध, पहिलं महायुद्ध आणि सैबेरिया, १९३१ पासूनचं मांचुरिया, १९३७ पासूनचं चीन. मग सोहळ्यांची वेगळी, १८८९ च्या राज्यघटनेचं, १९१५ आणि १९२८ च्या राज्याभिषेकांचं, १९२३ च्या भूकंपानंतर टोकियो परत उभं केलं त्याचं १९३० मधलं, आणि १९२० च्या पहिल्या जनगणनेचं सुद्धा. जनगणनेच्या कामाला पदक! आपल्याकडचे मास्तर उन्हातान्हात घरोघर फिरतात त्यांना हे वाचून काय वाटेल ते वाटो.

पायरी २ : एकच दार निवडा

सगळं जमवायला जाऊ नका, पैसे संपतात आणि काहीच नीट होत नाही. माझा सल्ला रशिया-जपान युद्धाचा. एक तर त्या युद्धाची पदकं आणि कागद दोन्ही बाजारात भरपूर आहेत, कारण लाखो माणसं लढली. दुसरं म्हणजे शिपायाच्या घरातून येणारा संच छोटा आणि समजायला सोपा असतो. आठव्या वर्गाचं पानांचं पदक, युद्धाचं किशो, दोघांचे दोन कागद, नशीब असेल तर सैनिकाचं सर्व्हिस बुक (गुन्ताई तेचो), आणि फारच पराक्रमी गडी असेल तर सोनेरी घारीचा सातवा वर्ग. त्या शेवटच्या गोष्टीने किंमत एकदम उडी मारते, त्यामुळे लबाडीही तिथेच जास्त.

बजेट अगदीच कमी असेल तर रेडक्रॉसच्या सभासदांची पदकं बघा. जपानी रेडक्रॉस १८७७ मध्ये हाकुआइशा या नावाने सुरू झाली, १८८७ मध्ये रेडक्रॉस झाली आणि वर्षभरातच सभासदांना पदक द्यायला लागली. काही हजार येनांत येतं, कधी त्याहूनही कमी, आणि हात बसवायला छान. १९३७ पासूनच्या चीन युद्धाचं पदकही स्वस्त मिळतं.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. मांचुकुओ, म्हणजे मांचुरियातलं ते बाहुलं राज्य, त्याच्या कुनशोंच्या नकलांचा नुसता पूर आलाय. आणि १९४४ मध्ये जाहीर झालेलं महायुद्धाचं पदक. ते धडपणे वाटलंच गेलं नाही, शरणागतीनंतर बहुतेक नष्ट केली, त्यामुळे समोर दिसलेलं प्रत्येक नकलीच आहे असं धरून चाला.

पायरी ३ : तारीख वाचायला शिका (ही मोठी पायरी आहे)

जपानी भाषा नाही येत म्हणून घाबरू नका, कागदावरची तारीख वाचायला दोन संध्याकाळी पुरतात. मजकूर उभा असतो आणि ओळी उजवीकडून डावीकडे सरकतात. म्हणजे वाचायला उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून सुरुवात.

आकडे असे. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन, तीन म्हणजे तीन. दहा म्हणजे आपलं बेरजेचं चिन्ह. आठ म्हणजे एकमेकांपासून फाकलेले दोन पाय, सहा म्हणजे त्याच दोन पायांवर टोपी. चार म्हणजे चौकोनी खिडकी आणि आत दोन लोंबणारे पडदे. पाच, सात आणि नऊ शब्दांत सांगण्यात अर्थ नाही, वहीत दहादहा वेळा गिरवा. एकोणचाळीस लिहायचं तर तीन, दहा, नऊ असं खाली खाली लिहितात, म्हणजे तीन दहा आणि वर नऊ. आपल्या एकोणचाळीसपेक्षा सोपं आहे खरं तर.

मग राजवटीचं नाव. मेइजी असेल तर वर्षात १८६७ मिळवा, ताइशो असेल तर १९११, शोवा असेल तर १९२५. मेइजी ३९ म्हणजे १९०६. शोवा १५ म्हणजे १९४०. कुनशोच्या कागदांवर याशिवाय आणखी एक मोठा आकडा दिसतो, दोन हजार पाचशे सहासष्ट वगैरे. तो जिम्मू बादशहाच्या राज्यारोहणापासूनचा शक, त्यातून ६६० वजा केले की इसवी सन. आपल्याकडे शिवकालीन पत्रात राज्याभिषेक शक यायचा तशातलाच प्रकार. एकाच कागदावर दोन्ही कालगणना असणं ही आपल्या फायद्याची गोष्ट, कारण दोन्ही उत्तरं जुळायलाच हवीत. २५६६ वजा ६६० म्हणजे १९०६, आणि मेइजी ३९ म्हणजेही १९०६. जुळलं.

आता एक मजेशीर गोष्ट. रशिया युद्धाचे इतके कागद बघितले, बहुतेकांवर तारीख एकच, १ एप्रिल १९०६. मांचुरियाच्या कागदांवर २९ एप्रिल १९३४ आणि चीन युद्धाच्या कागदांवर २९ एप्रिल १९४० सारखी दिसते. २९ एप्रिल हा शोवा बादशहाचा वाढदिवस. म्हणजे ही पराक्रमाची तारीख नाही, ही सरकारी घाऊक तारीख. नवखे लोक "त्या दिवशी कुठली लढाई झाली होती" म्हणून शोधत बसतात, मीही बसलो होतो.

पायरी ४ : आता पूर्ण कागद

कुनशोच्या कागदाला "कुनकी" म्हणतात. आपल्याकडचा सगळ्यात जवळचा शब्द सनद. युद्धपदकाच्या कागदाला "जुगुन किशो नो शो", म्हणजे मोहिमेत होता याचा दाखला. दोन्ही वेगळे, आणि नवखा माणूस पहिली चूक इथेच करतो. दाखला युद्धपदकाचा आणि विकणारा तो पानांच्या पदकाबरोबर लावून "सेट" म्हणून देतो.

कागदावर काय काय शोधायचं? आधी बादशहाच्या बिरुदांची भारदस्त सुरुवात असते, ती छापील. मग माणसाचा हुद्दा आणि नाव, हे बहुधा ब्रशने सुरेख अक्षरात हाताने लिहिलेलं. हुद्दा नीट वाचला तर पायदळ की तोफखाना तेही कळतं. मग वर्ग आणि पदकाचं नाव. मग तारीख. मग मोठा लाल चौकोनी शिक्का. शेवटी शोकुनक्योकू म्हणजे पदकांचं जे सरकारी खातं होतं त्याच्या प्रमुखाचं नाव, आणि वहीत अमुक क्रमांकाने नोंद केली असा नंबर. पेशवे दफ्तरातले कागद ज्यांनी बघितलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल, वर बिरुदं, मध्ये मजकूर, खाली शिक्कामोर्तब आणि बार, म्हणजे नोंदीची खूण.

वरच्या वर्गांच्या सनदांवर देशाची राजमुद्रा उमटवतात. ती १८७४ मध्ये बनवलेली सोन्याची मुद्रा आहे, ९ सेंटीमीटर चौरस, वजन साधारण साडेचार किलो. एकदम वरच्या वर्गात तर बादशहाची स्वतःची सहीसुद्धा. असले कागद तुमच्या-माझ्या वाट्याला येत नाहीत, पण आले तर डोळे चोळून परत बघा.

खरं-खोटं करायला कागदावरच चार-पाच जागा आहेत.

१९०६ च्या कुनकीवर खात्याच्या प्रमुखाचं नाव ओग्यू युझुरु असायला हवं. हे गृहस्थ खात्याच्या सुरुवातीच्या काळापासून तिथे होते आणि रेडक्रॉसच्या संस्थापकांपैकीही एक. दुसरंच नाव असेल तर विचारा का.

छापील अक्षरं जुन्या वळणाची हवीत. जपानने युद्धानंतर, १९४६ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत, बरीच कांजी अक्षरं सोपी केली. सनदेतलं "कुन", "देश", "क्रमांक", "दाखला" या सगळ्यांची जुनी रूपं जास्त रेघांची, गिचमिड आहेत. मेइजी काळाचा कागद आणि छपाई आजच्या वर्तमानपत्रासारख्या सोप्या अक्षरांत, हे जमत नाही. उलट बाजूने सांगायचं तर मोबाईलच्या डिक्शनरीत ही जुनी अक्षरं पटकन सापडत नाहीत म्हणून कागद खोटा ठरवू नका, हे माझ्या एका मित्राने केलंय आणि चांगली वस्तू सोडून दिलीय.

कागद उजेडासमोर धरा, वॉटरमार्क दिसतो का बघा. शिक्का भिंगातून बघा, खऱ्या शिक्क्याची लाल शाई तंतूंमध्ये थोडी मुरलेली असते, प्रिंटरच्या शिक्क्यात बारीक ठिपके दिसतात. नावाची शाई काळी, दाट, आणि जिथे ब्रश टेकला तिथे जास्त गडद हवी.

मोबाईलचं भाषांतर छापील भागाला बरं चालतं, ब्रशच्या नावावर मात्र साफ आपटतं. त्याला माणूसच लागतो. पुण्यात जपानी शिकलेली पोरं गल्लोगल्ली आहेत, त्यातल्या कुणाला तरी कॉफी पाजा. पण नावाचा उच्चार जपानी माणसालाही नक्की सांगता येईलच असं नाही, एकाच अक्षराचे चार उच्चार होतात, त्यामुळे वहीत नाव कांजीत जसंच्या तसं उतरवून ठेवा आणि उच्चारापुढे प्रश्नचिन्ह टाका.

काही घरांतून आणखी एक छोटा कागद निघतो, ज्यात पदकाबरोबर किती रक्कम दिली तेही लिहिलेलं असतं. विकणारे याला किंमत देत नाहीत. तुम्ही द्या.

पायरी ५ : पदक तपासणं

पदकावरची आडवी अक्षरं उजवीकडून डावीकडे वाचायची, युद्धाच्या आधीची सगळी तशीच. युद्धपदकाच्या वरच्या पट्टीवर "जुगुन किशो" अशी चार अक्षरं असतात, ती डावीकडून लावलेली दिसली तर वस्तू परत ट्रेमध्ये ठेवा.

उगवत्या सूर्याच्या पदकाच्या मागे, किरीच्या पानाच्या भागावर "कुनको सेइशो" ही चार अक्षरं असतात. ती तीक्ष्ण, स्वच्छ हवीत. साबणाच्या वडीवरच्या नावासारखी गुळगुळीत दिसली तर साच्यातून काढलेली नक्कल.

कुनशोंना चांदी, म्हणून खिशात छोटं चुंबक ठेवा, चिकटलं तर प्रश्नच मिटला. चिकटलं नाही म्हणजे खरं असं मात्र नाही, पितळही चिकटत नाही.

मीनाकाम हा दुखरा भाग. किरणांच्या टोकांवरचा पांढरा मिना उडालेला असतो आणि हुशार लोक तिथे रेझिन भरून पॉलिश करतात. साध्या उजेडात कळत नाही. नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारला की खरा मिना आणि भरलेला भाग बहुतेक वेळा वेगळे चमकतात. उडालेला मिना असलेलं पदक घेण्यात काही गैर नाही, स्वस्त पडतं, फक्त उडालाय हे कबूल करून विकलेलं हवं.

रिबीन बदललेली असेल तर मी फार मनाला लावून घेत नाही. शंभर वर्षांत रेशीम विरणारच. पण १९०४-०५ च्या पदकाला कडेला पांढरी, मधे हिरवी आणि बरोबर मध्यावर निळा पट्टा अशी रिबीन हवी. निळा पट्टा नसेल तर ती १८९४-९५ च्या पदकाची रिबीन आहे, उचलून इकडे लावलेली.

आणि डबी. काळ्या लॅकरच्या झाकणावर सोनेरी किंवा चंदेरी अक्षरांत वर्ग आणि पदकाचं नाव. आधी डबीवरचा आकडा वाचा, मग आतलं पदक बघा. इथेच मी दुसऱ्यांदा फसलो. एका दुकानातून, नाव नको, "पूर्ण संच" घेतला, डबी सातव्या वर्गाची, पदक आठव्याचं, आणि कागद चक्क १९४० चा झुइहोशोचा. तीन वेगवेगळ्या घरांतल्या तीन वस्तूंचं लग्न लावलेलं. तक्रार करायला गेलो तर मालक शांतपणे म्हणाला, झाकणावर लिहिलंय की. खरंच लिहिलं होतं. मलाच वाचता येत नव्हतं.

पायरी ६ : कुठे घ्यायचं

जपानात असाल किंवा फिरायला येणार असाल तर मंदिरांच्या आवारातले बाजार. क्योतोला तोजी मंदिरात दर महिन्याच्या २१ तारखेला आणि कितानो तेनमांगूला २५ तारखेला. टोकियोतला युराकुचोचा बाजार महिन्यातले दोन रविवार भरतो, पाऊस आला तर रद्द, आदल्या रात्री चेक करा. सकाळी लवकर जा. कागदांसाठी टोकियोतल्या जिंबोचोची जुन्या पुस्तकांची दुकानं, तिथे सनदा पुस्तकांच्या मागे गठ्ठ्यात पडलेल्या असतात.

घासाघीस करताना पुण्याचा जुना बाजार डोक्यातून काढून टाका. तिथे हजार सांगितले की आपण तीनशेपासून सुरू करतो, इथे तसं केलंत तर माणूस हसून वस्तू आत ठेवेल. "थोडं कमी होईल का" एवढंच एकदा विचारा, दहा टक्के मिळाले तर घ्या. त्यापेक्षा जास्त फायदा एका प्रश्नात आहे, की हे कुठून आलं? जपानात म्हातारी माणसं गेल्यावर घर रिकामं करून देणारे लोक असतात, बऱ्याच वस्तू त्यांच्याकडून बाजारात येतात, आणि विकणाऱ्याला कधीकधी जिल्हा किंवा गाव माहिती असतं. त्याच घरातलं आणखी काही आहे का हेही विचारा. लाखेचे साके प्यायचे पेले, फोटो, सर्व्हिस बुक गाडीत पडलेलं असतं आणि त्याला वाटतं हे कोण घेणार.

भारतातून घेणार असाल तर याहू ऑक्शन्स जपान आणि मध्ये एक प्रॉक्सी सर्व्हिस, म्हणजे आपल्या वतीने बोली लावून वस्तू इकडे पाठवणारी कंपनी. शोध जपानी अक्षरांतच घ्या, इंग्रजीत शोधलं की परदेशी गिऱ्हाइकांसाठी फुगवलेल्या किमती दिसतात. वर्णनात हे शब्द दिसले तर थांबा : "मोझो" म्हणजे नक्कल, "फुकुसेइ" म्हणजे प्रतिकृती, "शिनगान फुमेइ" म्हणजे खरं-खोटं माहीत नाही. तो तिसरा शब्द फार वापरतात, आणि त्याचा खरा अर्थ बऱ्याचदा "मला माहितीये पण मी सांगणार नाही" असा असतो. "नो क्लेम नो रिटर्न" तर सगळेच लिहितात.

बोलीच्या वर प्रॉक्सीचं कमिशन, जपानातलं टपाल, परदेशी टपाल आणि इकडे कस्टम्सची ड्युटी धरा. तीन हजार येनचं पदक घरी येईपर्यंत दुपटीला जाऊ शकतं, म्हणून चार-पाच वस्तू साठवून एकत्र मागवा. कागद गुंडाळून पाठवू नका म्हणून आधीच सांगा, जुना कागद गुंडाळीत दबला की तुटतो, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट हवा. आणि एक लक्षात ठेवा, आपल्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू भारताबाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत, कागदपत्रांना तर ही मर्यादा ७५ वर्षं आहे. म्हणून आयातीची बिलं, कस्टम्सची पावती सगळं जपून ठेवा, उद्या परत विकायला किंवा सोबत न्यायला निघालात तर तोच एक आधार.

पायरी ७ : माणूस शोधणं

खरी मजा इथे आहे आणि ही फुकट आहे. जपानचं सरकारी राजपत्र "कांपो" १८८३ पासून निघतंय आणि १९५२ पर्यंतचं तिथल्या संसद ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवलंय. नेमणुका, बढत्या, कुनशो त्यात छापून यायचे. अधिकारी असेल तर सापडण्याची शक्यता चांगली, साधा शिपाई असेल तर कमी. दुसरं म्हणजे जपानच्या आशियाई ऐतिहासिक कागदपत्रांचं डिजिटल संग्रहालय, २००१ मध्ये सुरू झालं, लष्कराच्या फायली स्कॅन करून टाकल्यात, तिथे पलटणीच्या नावाने शोधा.

सर्व्हिस बुक मिळालं असेल तर तुम्ही राजे. त्यात गाव, भरतीचं वर्ष, कुठे लढला, कुठली पदकं मिळाली सगळं असतं आणि त्यावरून कागद आणि पदकं एकाच माणसाची आहेत का हे ताडता येतं. नसेल तर शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण पदकावर नावच नाही. मग आपण फक्त एवढंच म्हणायचं की वर्ग जुळतो, काळ जुळतो, डबी जुळते, विकणाऱ्याने एका घरातलं सांगितलं. मी वहीत असंच लिहितो, "जुळतं" आणि "सिद्ध" हे दोन वेगळे रकाने करून. दुसरा रकाना बराचसा रिकामा आहे.

माणूस सापडला की त्याचं नाव-गाव लगेच सोशल मीडियावर टाकू नका. नातवंडं असतात. शिवाय चीन युद्धाचं पदक हे कुणासाठी आजोबांची आठवण आहे आणि कुणासाठी जळलेल्या गावाची, हे दोन्ही ध्यानात ठेवून फोटोखाली काय लिहायचं ते ठरवा.

पायरी ८ : सांभाळणं

चांदी काळी पडली असेल तर पडू द्या. ब्रासो, टूथपेस्ट, चिंच, रांगोळी, आजीचे सगळे उपाय कपाटात ठेवा. घासलेल्या पदकाची किंमत तर जातेच, पण बारीक नक्षीही जाते आणि ती परत येत नाही.

कागद लॅमिनेट करू नका. हे मोठ्याने सांगतोय कारण आपल्याकडे दहावीची मार्कशीट ते रेशनकार्ड सगळं लॅमिनेट करायची सवय आहे. सेलोटेपही नाही, फाटलं असेल तर फाटलेलं राहू द्या आणि खाली आम्लविरहित पुठ्ठा द्या. पिशव्या पीव्हीसीच्या नकोत, दोन-तीन वर्षांत चिकट होतात आणि कांशाच्या पदकावर हिरवा कळंक चढतो. पॉलिएस्टरच्या घ्या. मुंबई-कोकणात असाल तर पावसाळ्यात सिलिका जेल डब्यात, पण लॅकरच्या डबीला अगदी चिकटून नको, फार कोरडं झालं की लॅकर तडकतं. डांबराच्या गोळ्या नकोच. कसर लागते ती कागदाला, त्यामुळे महिन्यातून एकदा उघडून बघणं हाच उपाय. फ्रेम करून भिंतीवर लावायचा मोह झाला तर रंगीत झेरॉक्स लावा, ब्रशची काळी शाई टिकते पण लाल शिक्का आणि कागद उन्हाने खराब होतात.

आणि शेवटची गोष्ट, ही आजच करा. प्रत्येक पदकाच्या डबीत एक चिठ्ठी ठेवा, पेन्सिलने लिहिलेली : हे काय आहे, कुठून कधी घेतलं, आणि याचा कागद कुठल्या फाईलमध्ये आहे. कागदाच्या फाईलमध्ये तशीच दुसरी चिठ्ठी, की पदक कुठल्या डबीत आहे. घरच्यांना दाखवून ठेवा. माझ्या बायकोला मी दाखवलंय, ती म्हणाली बरं, म्हणजे तुझ्यानंतर मी कागद रद्दीत घालायचे नाहीत एवढंच ना. एवढंच.